दाढीवाला स्पॉक दोन मिनिटांत कसा बदलतो?

प्रश्न : 'स्टार ट्रेक'च्या जुन्या मालिकेतला 'मिरर, मिरर' हा १९६७ सालचा भाग मुलीबरोबर पाहिला. अवकाशजहाजाचा कॅप्टन कर्क आणि त्याचे तीन सहकारी एका क्रूर साम्राज्याच्या विश्वात जाऊन पडतात. तिथला इतिहास इतका वेगळा, तरी तेच जहाज, तीच माणसं आणि नेमके तेच चौघं त्याच क्षणी ट्रान्सपोर्टरमध्ये, म्हणजे माणसांना क्षणात इथून तिथे पोचवणाऱ्या यंत्रात! शेवटी कर्क दोन मिनिटं बोलतो आणि त्याचा उजवा हात असलेल्या स्पॉकचा तिथला दाढीवाला अवतार ऐकतो. मुलगी म्हणाली, "बाबा, शेवट उरकलाय." तिला काय सांगू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : योगायोगाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. वेगळ्या वाटेनं गेलेल्या जगात तेच आईबाप भेटून तीच मुलं जन्माला यावीत, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. चौघांच्या अंगावरचे कपडेसुद्धा बदलून येतात! पण एवढं मान्य केल्याशिवाय दोन स्पॉक शेजारी ठेवून बघताच येत नाहीत, म्हणून मी ते सोडून देते.

शेवट उरकलाय, हे मात्र मला अजिबात मान्य नाही.

त्या जहाजावर पाऊल टाकल्या टाकल्या कर्कला काय दिसतं, आठवा. ट्रान्सपोर्टर सांभाळणाऱ्या काइलची चूक होते. स्पॉक त्याच्याकडे यातना देणारं छोटं यंत्र मागतो. ते काइलच्याच कमरेला असतं. तो स्वतःच काढून देतो, आणि मग ते त्याच्याच अंगाला लावलं जातं. काइल कळवळतो. स्पॉकच्या चेहऱ्यावर राग नाही की मजाही नाही. हा स्पॉक दुष्ट नाही, हिशेबी आहे. त्याच्या जगात हिशेब असाच मांडतात.

आता जहाजाच्या दवाखान्यातला प्रसंग घ्या. मारामारीत स्पॉक जबर जखमी होऊन पडलाय. परत जायची वेळ निसटत चाललीय, तरी डॉक्टर मॅकॉय त्याला टाकून जायला तयार नाही. तो मागे थांबून त्याचा जीव वाचवतो. शुद्धीवर येताच स्पॉक मॅकॉयचा हात धरतो आणि विचारतो, कॅप्टननं मला जिवंत का ठेवलं? मग उत्तरासाठी थेट त्याच्या मनात शिरतो. स्पॉक बदलायला सुरुवात होते ती इथे. शेवटची दोन मिनिटं येतात तोवर अर्धं काम झालेलं असतं.

त्या दोन मिनिटांतही कर्क दयामायेची भाषा काढत नाही. ज्यांना मारायचा साम्राज्याचा हुकूम होता त्या हॅल्कन लोकांनी वर्तवलेला साम्राज्याविरुद्धचा उठाव कधी होईल, एवढंच विचारतो. साधारण २४० वर्षांत, स्पॉक सांगतो. मग जे बुडणारच आहे त्याच्यासाठी माणसं मारत राहणं हा निव्वळ अपव्यय नाही का? स्पॉकला पटेल असा युक्तिवाद हा एकच. आणि एवढं होऊनही तो 'हो' म्हणत नाही. विचार करीन, म्हणतो.

मला सलतं ते वेगळंच. कर्क जाताजाता त्याला टँटॅलस यंत्राबद्दल सांगून जातो. बटण दाबलं की शत्रू जागच्या जागी नाहीसा! सुधारणेचा विचार आणि माणसं पुसून टाकायचं यंत्र, दोन्ही एकाच श्वासात. कर्कला घाई होती हे खरं, पण मला ते अजून पचलेलं नाही.

पुढे १९९४मध्ये 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या मालिकेतल्या 'क्रॉसओव्हर' या भागात याचा पुढचा हिशेब येतो. स्पॉकनं साम्राज्याची सूत्रं हाती घेतली, सुधारणा केल्या, शस्त्रं खाली ठेवली. नेमकं तेव्हाच क्लिंगॉन आणि कार्डेशियन या दोन परग्रही जमाती एकत्र येऊन चालून आल्या. तिथली माणसं गुलाम झाली. यातलं काहीही कर्कला दिसलं नव्हतं. तो केव्हाच घरी परतला होता.

तेव्हा मुलीला आधी दवाखान्याचा प्रसंग पुन्हा दाखवा, आणि दुसऱ्या दिवशी 'क्रॉसओव्हर'. ती कर्कला दोषी धरते का, ते मला नक्की कळवा.