देशाची तिजोरी वर्गणीने भरते का?

मागच्या अंकात श्रीलंकेच्या 2022 च्या दिवाळखोरीवर चार ओळी लिहिल्या होत्या, की तिथल्या सेंट्रल बँकेने परदेशातल्या आपल्या माणसांकडे चक्क डॉलरची देणगी मागितली होती. त्यावरनं इतकी पत्रं आलीत की लॉकर, नॉमिनी, एफडीवाले प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, माझा मुलगा टोरांटोला असतो. त्याच्या ऑफिसात दोघेतिघे श्रीलंकेचे आहेत, त्यांनी 2022 मध्ये पैसे गोळा केले होते आणि ह्यानेही दिले होते. तो म्हणतो बाहेरच्या प्रत्येकाने शंभर डॉलर दिले असते तर देश वाचला असता. आमचे हे म्हणतात असं वर्गणीवर देश चालत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघांची जुंपते. बरोबर कोण?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : हिशेबात तुमचे हे जिंकले, पण मुलगाही अगदीच चुकीचा नाही, कसं ते सांगते.

आधी आकडे. समजा 30 लाख लोकांनी शंभर-शंभर डॉलर दिले, तर झाले 30 कोटी डॉलर. ऐकायला भारी वाटतं, पण श्रीलंकेला त्या एका वर्षात परदेशी कर्जापोटी साधारण 700 कोटी डॉलर द्यायचे होते, आणि मे महिन्यात तिथले अर्थमंत्री सांगत होते की हातात वापरता येण्यासारखे 5 कोटीसुद्धा नाहीत. पेट्रोलचं एक जहाज मार्चच्या शेवटापासून कोलंबोच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं, माल दिसतोय पण सोडवून घ्यायला डॉलर नाहीत. शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या कारण कागद आणायला पैसे नव्हते. अशा वेळी 30 कोटी आले असते तर एका महिन्याच्या इंधनाला तरी पुरले असते का, शंकाच आहे. आपल्या सरकारने त्या वर्षात त्यांना जी मदत दिली, उधारीवर तेल, धान्य, औषधं, करन्सी स्वॅप (म्हणजे ठरलेल्या मुदतीसाठी चलनाची अदलाबदल) वगैरे धरून, ती 400 कोटी डॉलरच्या आसपास होती. म्हणजे भोक केवढं होतं बघा.

आता आवाहनाची तारीख बघा. 12 एप्रिल 2022 ला श्रीलंका सरकारने जाहीर केलं की परदेशी कर्ज फेडणं थांबवतोय, आणि दुसऱ्याच दिवशी सेंट्रल बँकेचे गव्हर्नर नंदलाल वीरसिंघे यांनी परदेशातल्या लोकांना सांगितलं की अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीत खाती उघडलीयत, पैसे टाका, ते फक्त अन्न, इंधन आणि औषधांवर खर्च होतील. माणूस चांगला, नुकताच खुर्चीवर आलेला, पण लोकांचा विश्वास सरकारवर नव्हता ना. आधी टॅक्स कमी करून तिजोरी रिकामी केली, मग एका रात्रीत रासायनिक खतं बंद करून शेती झोपवली, आणि आता हात पसरताय, असं लोक उघड बोलत होते. 2004 च्या त्सुनामीच्या वेळी आलेला पैसा नीट पोचला नाही ही तक्रारही जुनीच. ईस्टरचे बॉम्बस्फोट आणि कोव्हिडने टुरिझम बसला हे खरंय, पण त्याने राग काही कमी झाला नाही.

आता मुलाची बाजू. देणगी सोडा, बाहेरची माणसं घरी जे नेहमीचे पैसे पाठवतात ना, आईला औषधाला, भावाच्या फीला, खरी गंमत तिथे आहे. 2020 मध्ये श्रीलंकेत असे 710 कोटी डॉलर आले होते. 2021 मध्ये 550 कोटी. 2022 मध्ये 380 कोटी. म्हणजे दोन वर्षांत वर्षाची आवक 330 कोटींनी खाली आली, आणि आयएमएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, मार्च 2023 मध्ये जे कर्ज मंजूर केलं ते होतं साधारण 300 कोटींचं, तेही चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळणारं, शिवाय अटी वेगळ्या! बाहेरची माणसं काही घराला विसरली नव्हती. पैसे जातच होते, फक्त बँकेतून जात नव्हते. सरकारने डॉलरचा भाव दोनशेच्या जरा वर बांधून ठेवला होता. कुवेतमध्ये घरकाम करणारी बाई शंभर डॉलर बँकेतून पाठवते तर घरी त्यांच्याकडचे वीस हजार रुपये मिळतात, आणि तेच उंडियलवाल्याकडून, म्हणजे त्यांच्याकडच्या हवालावाल्याकडून पाठवले तर चोवीस-पंचवीस हजार, तेही घरपोच. ती कुठे जाईल? मी असते तरी तिकडेच गेले असते, खरं सांगायचं तर. हवालात डॉलर देशात येतच नाही, तो बाहेरच कोणीतरी वापरतो आणि इकडे नुसते रुपये हात बदलतात. मार्च 2022 मध्ये भाव सोडून दिला, रुपया तीनशेच्या पार गेला, लोकांचे हाल झाले, पण दोन भावांमधला फरक हळूहळू मिटला आणि 2023 मध्ये बँकेतून येणारे पैसे परत 600 कोटींच्या जवळ गेले. कोणी भावनिक आवाहन केलं म्हणून नाही हं.

आपल्या सोसायटीत कसं, लिफ्टसाठी वर्गणी काढायला सगळे उत्साही, आणि मेंटेनन्स सहा महिने थकलेला, तसलाच प्रकार. मुलाला सांगा, दिलेस ते चांगलंच केलंस, औषधाला गेले असतील तर कोणाच्या तरी जिवाला उपयोगी पडले असतील, पण देश वाचायचा तर मित्रांनी आईला पाठवायचे पैसे बँकेतून पाठवलेले जास्त बरे.

प्रश्न : 1991 साली मी सरकारी नोकरीत होतो, सोनं गहाण टाकल्याची बातमी आली तेव्हा ऑफिसात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. त्या वेळी आपल्या एनआरआय मंडळींनी काही केलं होतं का? माझा पुतण्या दुबईत आहे, तो म्हणतो भारत नेहमी आमच्यामुळे वाचला.
– ज्येष्ठ नागरिक, नेरूळ

उत्तर : काका, पुतण्याला अर्धी गोष्ट माहितीय. 1991 मध्ये एनआरआय मंडळींनी पहिलं काय केलं, तर पैसे काढून घेतले! आखाती युद्धाने तेल महागलं, कुवेतमधनं लाखाच्या वर माणसं सगळं सोडून परत आली, इकडे सरकारं पडत होती, देशाचं पत-रेटिंग खाली गेलं, आणि ज्यांनी जास्त व्याजासाठी आपल्या बँकांत डॉलर ठेवले होते त्यांनी धडाधड खाती रिकामी केली. दोष देत नाही मी, स्वतःची पुंजी कोण बुडवेल, पण 'आमच्यामुळे वाचला' म्हणताना हेही लक्षात ठेवावं. गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत 20 टन सोनं परत विकत घेण्याच्या अटीवर बाहेर विकलं, आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने 47 टन सोनं बाहेर पाठवून तारण ठेवलं, त्यावर 40 कोटी डॉलर मिळाले. ते सोनं फोर्टातनं सहार विमानतळाकडे नेताना वाटेत एक गाडी बंद पडली आणि सगळ्यांचे प्राण कंठाशी आले, हा किस्सा नंतर रिझर्व्ह बँकेच्याच मोठ्या अधिकाऱ्यांनी सांगितलाय. तुम्ही तेव्हा व्हीटीला जात असाल तर कदाचित त्याच ट्रॅफिकमध्ये अडकला असाल.

पुढे मात्र एनआरआय आले, आणि चांगले आले. 1991 च्याच शेवटी इंडिया डेव्हलपमेंट बाँड काढले, 160 कोटी डॉलर जमले. 1998 मध्ये पोखरणनंतर निर्बंध लागले तेव्हा रिसर्जंट इंडिया बाँड, 420 कोटी, तेही थोड्या दिवसांत. 2000 मध्ये इंडिया मिलेनियम डिपॉझिट, 550 कोटी. पण यातली एकही देणगी नव्हती. रिसर्जंट बाँडला डॉलरवर पावणेआठ टक्के व्याज होतं, मिलेनियमला साडेआठ, आणि रुपया घसरला तर त्याचा बराचसा भुर्दंड सरकारच्या डोक्यावर. 2003 मध्ये रिसर्जंटचे पैसे परत केले ते साडेपाचशे कोटींच्या घरात. 2013 मध्ये रुपया कोसळला तेव्हाही रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी हेच केलं, बँकांना स्वस्तात स्वॅप दिला आणि एफसीएनआर, म्हणजे एनआरआयच्या परदेशी चलनातल्या ठेवींमधनं 2600 कोटी डॉलर आणले. भावना होती, नाही म्हणत नाही मी, फॉर्म भरताना लोकांचे डोळे भरून आलेले मी आमच्या ब्रँचला बघितलेत, पण त्याच लोकांनी पुढच्याच वाक्यात विचारलं होतं, 'मॅडम, टीडीएस कापणार का?' मला त्यात काही गैर वाटत नाही. सरकारने रोख दाखवून मागितलं, त्यांनी रोख बघून दिलं, आणि परतफेड वेळेवर झाली म्हणून पुढच्या वेळी पुन्हा आले. पुतण्याला माझा नमस्कार सांगा आणि विचारा त्याचे पैसे कुठल्या बँकेत आहेत.

प्रश्न : आयटीवाला आहे, माझा प्रश्न सिंपल आहे. हॉस्पिटलच्या बिलासाठी ऑनलाइन क्राउडफंडिंग होतं तर देशासाठी का नाही? आता तर यूपीआय पण आहे.
– ऐरोली

उत्तर : करून बघितलंय बाबा. 2015 मध्ये ग्रीसला आयएमएफचा 160 कोटी युरोचा हप्ता भरता येईना, तेव्हा लंडनमध्ये चपलांच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाने नेटवर वर्गणी सुरू केली, की युरोपातल्या प्रत्येकाने तीन-साडेतीन युरो दिले की झालं. लाखाच्या वर लोकांनी पैसे टाकले, साइट बंद पडली इतकी गर्दी, आणि जमले किती? 19 लाख युरोच्या आसपास. टार्गेट गाठलं नाही म्हणून सगळे परत. आठवड्याभरात एवढे म्हणजे माणसं चांगलीच की, पण टार्गेटच्या जवळपाससुद्धा नाही. लाखांवरनं कोटींवर जाताना शून्यं किती वाढतात हे आपल्याला कळत नाही, मला पण कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण लोक नेहमी देतात म्हणून तेही सांगते. 1998 च्या सुरुवातीला, देश आर्थिक संकटात असताना, तिथल्या 35 लाख लोकांनी अंगठ्या, मुलांच्या वाढदिवसाचे दागिने, मेडल्स असं मिळून 227 टन सोनं दिलं. दोनशे कोटी डॉलरच्या वर त्याचे आले. आयएमएफ आणि बाकीच्यांचं पॅकेज होतं 5500 कोटींच्या वर. आणि बहुतेकांना त्या सोन्याचे पैसे वॉनमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, मिळाले होते, फुकट नव्हतं दिलेलं, आपल्याकडे हे कोणी सांगतच नाही. तरी मी त्याला कमी लेखणार नाही. रांगेत उभी राहिलेली लोकं बघून बाहेरच्या बँकांना वाटलं असेल की हे फेडतील. आयएमएफचं कर्ज 2001 मध्ये मुदतीआधीच फेडलं त्यांनी.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाला या वर्षी सजावट कमी करून शेजारच्या देशातल्या एखाद्या हॉस्पिटलला पैसे पाठवायचेत. चालतं का? खजिनदार मी आहे, अडकायला नको.
– कोपरखैरणे

उत्तर : विचार छान आहे, पण मंडळाच्या खात्यातनं नाही जमणार. परदेशी पैसे पाठवायची जी सोय आपल्याला आहे, एलआरएस, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, ती फक्त व्यक्तींसाठी आहे. मंडळ, ट्रस्ट, कंपनी त्यात बसत नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या खात्यातनं पाठवलं तर चालेल, पॅन द्या, बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरा, कारणात देणगी लिहा, आणि त्यावर इन्कम टॅक्समधली 80जी ची सवलत मिळेल असं कोणाला सांगू नका, मिळत नाही. जमलेली वर्गणी एकाच्या खात्यात टाकून 'त्याने पाठवली' असं दाखवायचं असलं काही करू नका, ऑडिटला तुम्हीच उत्तर देत बसाल.

आणि घराघरातनं उरलेल्या गोळ्या जमा करून खोका तर अजिबात पाठवू नका! तिकडे फार्मसिस्ट बसून एक्स्पायरी वाचत बसतो आणि अर्धं कचऱ्यात जातं. हॉस्पिटलने लेटरहेडवर यादी दिली असेल, अमुक इंजेक्शन, अमुक सलाइन, तरच पुढे जा.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेची सिटिझन झालीय. तिला शहापूरकडच्या एका आश्रमशाळेला पैसे द्यायचेत. माझ्या खात्यात पाठवून मी पुढे दिले तर?
– सीवूड्स

उत्तर : नको. पासपोर्ट अमेरिकेचा झाला की तिचा पैसा कायद्याने परदेशी देणगी धरला जातो, ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, असलं तरी. भारतीय पासपोर्टवालीने आपल्या कमाईतनं बँकेने पाठवला असता तर प्रश्न नव्हता. आता शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे आधी त्यांच्या दिल्लीच्या स्टेट बँक मेन ब्रँचमधल्या खात्यातच यावे लागतात. मुलगी आईला स्वतःसाठी पाठवते त्याला आडकाठी नाही, पण तेच पैसे संस्थेकडे वळवले की संस्था गोत्यात येते, तुम्हीही. संस्थेला नोंदणी नंबर विचारा, नसेल तर मुलीला दुसरी संस्था बघायला सांगा. तुमच्या पेन्शनमधनं त्या शाळेला द्यायला मात्र कोणाचीच परवानगी लागत नाही.