सातपायरीचं पाणी कोण सोडतं?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली ऐंशी पानं परवा रात्री एका बैठकीत वाचली. शहर डोळ्यांसमोर उभं राहतं, त्यात वाद नाही. कड्याच्या पोटात कोरलेल्या सात पायऱ्या, माथ्यावर राजाचा काचेचा मनोरा, आकाशात दोन चंद्र, तिन्हीसांजेला आपोआप उजळणारे मणी. पण चाळिसाव्या पानावर तुझी नायिका दमूनभागून पाचव्या पायरीवरच्या धर्मशाळेत शिरते आणि ‘घटाघटा पाणी पिते’. तिथे मी अडकलो. हे पाणी आलं कुठून? मागची पानं पुन्हा चाळली. नदी खाली दरीत आहे. विहीर कुठे दिसली नाही. पाऊस वर्षातून दोनदाच पडतो, हे तूच बाराव्या पानावर लिहिलंयस. म्हणजे कुणीतरी पाठीवर पखाल घेऊन हजारभर पायऱ्या चढलं असणार. ते माणूस कादंबरीत कुठेच नाही.

तू पत्रात विचारलंस, ‘शहराला स्वभाव कसा द्यायचा?’ आणि ऐंशी पानांत ‘गूढ’ हा शब्द अकरा वेळा आणि ‘निष्ठुर’ सात वेळा वापरलास. मी मोजले, रागावू नकोस. निष्ठुर कुणाशी? कोणत्या वेळी? पाचव्या पायरीला पाणी दोन घटका आणि सातवीला दिवसभर, एवढं एक वाक्य लिहिलंस तर ते सातही ‘निष्ठुर’ खोडता येतील.

मोहेंजोदडोचं उदाहरण घे. इसवी सनपूर्व 2500 च्या सुमारास भरात असलेलं शहर. त्याची लिपी अजून कुणाला खात्रीने वाचता आलेली नाही, राजांची नावं माहीत नाहीत, ज्याकडे बोट दाखवून ‘हा राजवाडा’ म्हणता येईल अशी इमारतही सापडलेली नाही. सापडल्या त्या घरोघरच्या न्हाण्या आणि त्यांचं पाणी वाहून नेणारी, रस्त्याकडेने विटांनी बांधलेली गटारं. आपण त्या माणसांचा एक शब्दही ऐकलेला नाही, तरी ती कशी असतील याबद्दल आपल्या मनात काहीतरी चित्र आहेच, आणि ते गटारांमुळे आहे. तुझं शहर मात्र उलट्या टोकाकडून उभं राहिलंय. राजवाड्याची तेवीस पानं, मोरीची एकही नाही.

जाता जाता नावाबद्दल. तू शहराला ‘सप्तसोपाननगरी’ म्हणतेस. दानपत्रावर शोभेल. पण पखाल वाहणारा माणूस धापा टाकत हे नाव घेणार नाही. दोन पिढ्यांत त्याचं ‘सातपायरी’ होईल, आणि गावातली माणसं आपसात नुसतं ‘वर’ आणि ‘खाली’ एवढंच म्हणतील. मी पुढे सातपायरीच म्हणणार आहे.

आता पाणी. इ. स. 97 मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख म्हणून फ्रॉन्टिनस नावाचा माणूस नेमला गेला. त्याने आपल्या खात्याबद्दल एक पुस्तकच लिहून ठेवलं. शहरात येणारे पाट, त्यांची लांबी, नळ्यांची मापं, सगळं त्यात आहे. पण मला त्यातल्या चोऱ्या जास्त आवडतात. खात्याची माणसं रस्त्याखालच्या नळांना गुपचूप भोकं पाडून पाणी विकायची. नळजोडणी मिळायची ती माणसाच्या नावावर; घराचा मालक बदलला की हक्क संपायचा आणि नव्याला नव्याने परवानगी काढावी लागायची. नव्यासाठी हौदाला नवं भोक पाडायचं आणि जुनं बुजवायचं नाही, त्यातलं पाणी आपण विकायचं, अशी ही युक्ती. शिवाय पगार सरकारचा घेऊन ही माणसं बड्यांच्या खाजगी कामावर राबवली जात, हीसुद्धा त्याची तक्रार आहे. साम्राज्याचं वैभव एका बाजूला आणि न बुजवलेलं भोक दुसऱ्या बाजूला. या भोकातून तुला अख्खं शहर दिसेल.

म्हणून सातपायरीला एक पाटकरी दे. वरच्या हौदातून प्रत्येक पायरीच्या पाटात पाणी सोडणारा. त्याच्या हातात लाकडी दट्ट्या, शेजारी पाण्याने भरलेलं घंगाळ आणि त्यात तरंगणारं घटिकापात्र. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईएवढं छिद्र. छिद्रातून पाणी आत येत राहतं, वाटी भरते आणि बुडते, की एक घटका झाली. आपल्याकडे हे मोजमाप वापरात होतं. घटका म्हणजे 24 मिनिटं. पहाटे तिसऱ्या पायरीवर बायका घागरी रांगेत मांडून बसल्यात, कोरड्या पाटाकडे बघतायत. आधी एक बारीक खळखळ, मग कालचा पालापाचोळा घेऊन पहिला लोट. तो कुणी भरत नाही, त्याने नुसते पाय धुवायचे. दुसऱ्या लोटाला घागरी पुढे सरकतात. आणि अजून चार घागरी बाकी असताना वर वाटी ‘टुबुक’ करून बुडते.

रोज चार घागरी बाकी राहतात. आधी राहत नव्हत्या. एक म्हातारी म्हणते, मी लहानपणापासून इथे पाणी भरतेय, घटका आखूड झालीय. सगळे हसतात, घटका कशी आखूड होईल? पण पाटकऱ्याने, किंवा त्याच्या बापाने, वाटीचं छिद्र कानसीने कणभर मोठं केलेलं आहे, म्हणजे वाटी लवकर बुडते. वाचलेलं पाणी सातव्या पायरीवरच्या कुणाच्यातरी कारंज्यात जातं. आता तुझ्याकडे गुन्हा आहे, पुरावा आहे, साक्षीदार आहे, आणि शहराचा स्वभावही आहे. राक्षस अजून आलाच नाही, बघ. तो आणायलाच हवा का, हा तुझा प्रश्न.

दिवाबत्तीचं तर तू हातानेच नुकसान केलंस. मणी आपोआप उजळतात, छान. पण त्यामुळे दिवे लावणारा गेला, तेलाचा हिशेब ठेवणारा कारकून गेला, तेल चोरणारा गेला आणि अंधारही गेला. पॅरिसमध्ये 1667 साली रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील टांगायला सुरुवात झाली ती पोलिसप्रमुखाच्या हुकमाने. उजेड ही पहिल्यापासून पहाऱ्याचीच बाब होती. पुढे तेलाचे आणि गॅसचे दिवे आले तरी कित्येक शहरं चांदण्या रात्री दिवे लावतच नसत. चंद्र आहे ना, मग तेल कशाला जाळा? हे वाचलं तेव्हा मला तुझे दोन चंद्र आठवले. ते तू नुसते शोभेला टांगलेस! अगं, दोन चंद्रांच्या शहरात दिवाबत्तीच्या दप्तराला स्वतःचा पंचांगकर्ता लागेल. आज कोणता चंद्र किती वाजता, दोन्ही मिळून उजेड पुरेल का, हे तोच ठरवणार. पंचांगात चांदणं लिहिलंय पण आभाळ भरून आलंय, अशा रात्री दिवे लागणार नाहीत, कारण कागदावर उजेड आहे. चोरांना हे ठाऊक असणार. चोरांनी पंचांगकर्त्याला गाठलेलं असण्याचीही शक्यता आहे.

आगीबद्दल फार नाही, दोनच गोष्टी सांगतो. रोममध्ये ऑगस्टसने इ. स. 6 मध्ये रात्रपहाऱ्याची आणि आगीची सात पथकं उभी केली, शहराच्या चौदा विभागांना सात, म्हणजे एका पथकाकडे दोन विभाग. त्यांत भरती मुख्यतः मुक्त झालेल्या गुलामांची, आणि पुढे ठरावीक वर्षं नोकरी केली की त्यांना पूर्ण नागरिकत्व मिळू लागलं. म्हणजे ज्याला शहर आपलं मानत नाही तोच शहर वाचवायला पुढे, आणि वाचवत राहिला तर एक दिवस त्याला आपलं मानणार. दुसरी गोष्ट एदोची, म्हणजे आजच्या टोकियोची. लाकडी घरांचं ते शहर 1657 च्या आगीत अर्ध्याहून जास्त जळलं. तिथले अग्निशामक आग विझवण्यापेक्षा आगीच्या वाटेतली घरं आकड्यांनी ओढून पाडत, म्हणजे तिला पुढे खायला काही उरायचं नाही. पथकाचं निशाण घेतलेला माणूस छपरावर चढून उभा राहायचा. आता सातपायरीवर वारा खालून वर वाहतोय, चौथी पायरी पेटलीय. पाडायचं कुणाचं घर? पाचवीवरच्या गरिबाचं की सहावीवरच्या सावकाराचं? हे ठरवायला वेळ आहे तेवढाच, जेवढा तुझ्या पथकप्रमुखाला छपरावर चढायला लागतो.

मैल्याबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. एदोमध्ये मैला शेतकरी विकत नेत, आणि चाळीतल्या भाडेकरूंच्या मैल्याचे पैसे घरमालकाला मिळत. रोममध्ये व्हेस्पेशियन बादशहाने मुताऱ्यांतल्या मुत्रावर कर बसवला होता. ते कातडी कमवायला आणि कपडे धुवायला लागायचं. म्हणजे घाणीलाही बाजार असतो. पण ती उचलतं कोण, हा प्रश्न बाजाराने सुटत नाही. सातपायरीत ते काम मजुरीवर ठरतं, शिक्षा म्हणून मिळतं, की जन्माने गळ्यात पडतं? मराठीत लिहिणाऱ्याने हा प्रश्न टाळला तर तो टाळलाय हे वाचकाला लगेच कळतं. उत्तर काहीही दे, पण ‘एका मंत्राने सगळं नाहीसं होतं’ असं लिहू नकोस. निदान ते नाहीसं होऊन कुठे जातं, ते तरी लिही. लंडनने आपलं सगळं थेम्समध्ये नाहीसं केलं होतं. 1858 च्या उन्हाळ्यात नदीला अशी दुर्गंधी सुटली, की काठावरच्या संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. वर्षानुवर्षं रखडलेला भुयारी गटारांचा प्रश्न मग काही आठवड्यांत मार्गी लागला. सत्ताधाऱ्यांच्या नाकापर्यंत वास पोचला, एवढंच घडलं होतं. तुझ्या शहरात राजा सर्वांत वर राहतो. वास वर जातो. मी अधिक काही सुचवत नाही.

जादूला माझी हरकत नाही. पण जादू हीसुद्धा सार्वजनिक सेवा झाली की तिला खातं येतं, दुरुस्ती येते, थकबाकी येते. मणी कुणी पुसतं का? फुटला तर नवा किती दिवसांत मिळतो, आणि कोणत्या पायरीवर? हे ठरलं की तीच जादू आत्ता आहे त्याच्या दुप्पट खरी वाटेल.

आता माझी फजिती सांगतो, नाहीतर हे पत्र वाचून तू भलतंच करशील. तुझ्या वयाचा असताना मीही एक शहर रचलं होतं, समुद्रात तराफ्यांवर तरंगणारं. दोनशे पानी वही भरली. बावीस खाती, प्रत्येक खात्याचा शिक्का, जकातीचे दर, तराफा बांधायच्या दोरांचे सोळा प्रकार. कादंबरी साठाव्या पानावर आटली, कारण पात्रांना एका खात्यातून दुसऱ्या खात्यात चकरा मारण्यापलीकडे काही कामच नव्हतं. आणि एवढं करून एका मित्राने वही चाळून विचारलं, ‘ही माणसं पितात काय? समुद्राचं पाणी?’ दोरांचे सोळा प्रकार ठरले होते, प्यायचं पाणी राहिलं होतं. व्हेनिसबद्दल मला तेव्हा माहीत असतं तर! तेही पाण्यात उभं आणि प्यायला खारं. तिथे चौकाखाली चिकणमातीचं मोठं भांडं करून वाळूने भरायचे. फरशीवर पडलेलं पावसाचं पाणी त्या वाळूतून गाळून मधल्या विहिरीत उतरायचं. मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं ते थेट 1884 मध्ये. म्हणजे प्रत्येक चौक एक गाळणी. तिथे चौक स्वच्छ ठेवणं हा जगण्यामरण्याचा मामला होता. माझ्या बावीस खात्यांपेक्षा हा एक चौक भारी.

तेव्हा सगळ्या सेवा लिहायला बसू नकोस. एक घे आणि तिच्या मागे शेवटच्या घागरीपर्यंत जा. बाकीच्यांची नुसती चाहूल लागू दे: सकाळी धुतलेली पायरी, कोपऱ्यावरचा विझलेला दिवा, दारावर खडूने लिहिलेली थकबाकी. मला विचारशील तर पाणी घे. पण दिवाबत्तीच्या पंचांगकर्त्यावर तुझं मन गेलं तर मी अडवणार नाही, मला स्वतःला तोच जास्त आवडलाय.

पुढच्या वेळी ऐंशी पानं पाठवू नकोस. त्या म्हातारीने भर पंचायतीत स्वतःच्या घरातली जुनी वाटी आणून घंगाळात सोडली, सरकारी वाटीशेजारी, आणि दोन्हींकडे सगळे बघत उभे राहिले, तेवढी चार पानं पाठव. सरकारी वाटी आधी बुडेल. पण त्यानंतर दुसरी बुडेपर्यंत जो वेळ जातो, त्यात कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं, पाटकरी काय करतो, वरून आलेला कारकून घंगाळाला चुकून धक्का लावतो का, ते मला वाचायचंय.

आणि नायिकेने धर्मशाळेत प्यायलेलं ते पाणी कुणाच्या घागरीतलं होतं, तेही ठरवून ठेव.

तुझा,
काका