चेलो घेऊन जर्मनीत यायचंय? थेट ऑडिशनला नको, आधी शिकायला ये

तू विचारलंयस की चेलोची डिग्री झालीये, तर थेट येऊन ऑर्केस्ट्राच्या ऑडिशन्स द्याव्यात का आधी मास्टर्स करावं. मी म्हणेन मास्टर्सच. इथे सरकारी पैशावर चालणारे शंभराच्या वर ऑर्केस्ट्रा आहेत, जागा निघतात, पण ऑडिशनचं बोलावणंच मोजक्यांना येतं आणि बायोडेटात इथला एकही ऑर्केस्ट्रा नसेल तर तेही अवघड. शिकता शिकता एखाद्या ऑर्केस्ट्राच्या अकादमीत शिरलास की त्यांच्यासोबत बसून वाजवायला मिळतं, ते सगळ्यात मोलाचं. सरकारी कॉलेजांना बहुतेक राज्यांत फी नाही, बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने राहता येतं.

ऑडिशनची पहिली फेरी बहुतेक पडद्याआड बसून वाजवायची, म्हणजे ऐकणाऱ्यांना तू दिसत नाहीस, त्यात हायडनचा डी मेजर कॉन्चेर्टो, म्हणजे सोलो चेलो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना. तो सगळेच घासून येतात. खरी गाळणी एक्सर्प्ट्सना, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या रचनांमधल्या निवडक तुकड्यांना लागते. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीची दुसरी मूव्हमेंट घे, सुरुवातीलाच व्हायोला आणि चेलोची धून आहे, सूर अजिबात अवघड नाहीत, पण डॉटेड रिदममधली (एक लांब, एक छोटी अशा लयीतली) छोटी नोट जराशी लांबली की सगळं ढिलं पडतं आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. रोज मेट्रोनोमवर सावकाश वाजव, रेकॉर्ड करून ऐक.

आणि जागा मिळाली म्हणजे झालं असं नाही. साधारण वर्षभर ट्रायल असते, मग ऑर्केस्ट्रातलेच लोक मत देतात. मी आतल्या खुर्चीवर होतो, म्हणजे पानं उलटायची माझ्याकडे, आणि पहिले कित्येक दिवस मी कंडक्टरच्या हाताबरोबर वाजवायचो, तर अख्खा सेक्शन, म्हणजे बाकीचे सगळे चेलोवाले, किंचित मागून यायचा आणि मी एकटाच आधी वाजलेला ऐकू यायचो, शेवटी शेजारच्या काकांनी हळूच सांगितलं, हात बघ पण पुढच्या डेस्कच्या, म्हणजे पुढे बसलेल्या जोडीच्या, बोबरोबर (गजाबरोबर) वाजव. त्या एका वाक्याने माझं वर्ष तरलं, खरंच. म्हणून म्हणतो, सोलोइस्टसारखी तयारी करून येऊ नकोस, आत्तापासून जिथे मिळेल तिथे सेक्शनमध्ये बसून वाजव.

विमानात चेलोसाठी वेगळी सीट बुक कर, लगेजमध्ये टाकू नकोस. बोच्या टोकाला हस्तिदंत असेल तर तो बो तिथेच ठेव, नाहीतर कस्टम्समध्ये अडकशील. आणि इथे बऱ्याच ठिकाणी ए हा सूर ४४३ हर्ट्झला लावतात, ४४० ची सवय असेल तर कान आत्तापासूनच बदलायला घे.