अपघाताची भरपाई : दाखल्यावरचा टक्का आणि हातातून गेलेलं काम

प्रश्न : वकीलताई, आम्ही कराड तालुक्यातले. माझे मालक गवंडीकाम करतात, वय ३८. पाच महिन्यांपूर्वी कामावरून मोटारसायकलने घरी येताना उंब्रजजवळ मागून चारचाकीने ठोकलं. उजव्या मांडीचं हाड मोडलं, गुडघ्यालाही मार आहे. रॉड घातलाय. आता काठी घेऊन चालतात, पण खाली बसता येत नाही. गाडीवाला शेजारच्या गावचा, लांबच्या पाहुण्यातला. पन्नास हजार देतो, स्टॅम्पपेपरवर सही करा म्हणून दोनदा येऊन गेला. सासरे म्हणतात, पाहुण्यारावळ्यांत कोर्टकचेरी नको. अपंगत्वाचा दाखला ३० टक्क्यांचा मिळालाय. ओळखीचा एक विमा एजंट म्हणाला, ३० टक्क्याला काय मिळणार, त्यात पगाराची स्लिप नाही आणि हेल्मेटही नव्हतं. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका. असल्या कागदात ‘आमची काही तक्रार नाही, चूक आमच्याच माणसाची होती’ असं एक वाक्य हमखास असतं, आणि पुढे तेच वाक्य विमा कंपनीचा वकील तुमच्या मालकांसमोर धरतो.

सासऱ्यांना नीट समजावून सांगा. त्यांची काळजी खोटी नाही. गावात राहायचं आहे, लग्नाकार्यात समोरासमोर यायचं आहे. पण गाडीचा विमा अपघाताच्या दिवशी चालू असेल तर भरपाई पाहुण्यांच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. दुसऱ्याला झालेल्या इजेचा, म्हणजे थर्ड पार्टीचा विमा प्रत्येक गाडीला कायद्याने सक्तीचा केला आहे तो याचसाठी. दाव्यात गाडीमालकाचं नाव घालावं लागतं, पण पैसे मागायचे ते कंपनीकडून. पोलीस केस वेगळी चालते आणि भरपाईचा दावा वेगळा. ही गोष्ट दोन्ही घरांना शांतपणे सांगितली की निम्मा ताण उतरतो, असा माझा अनुभव आहे. तुम्ही फक्त पाहुण्यांकडून गाडीचं आरसी बुक, विम्याची पॉलिसी आणि चालकाचं लायसन यांच्या प्रती मागून घ्या. नाही दिल्या तरी पोलिसांच्या कागदांत त्या सापडतात.

आता त्या ३० टक्क्यांकडे येऊ. या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तीच आहे, कारण एजंटाने सांगितलं ते सरळसरळ चुकीचं आहे आणि असं ऐकून कितीतरी माणसं गप्प बसतात. दाखल्यावरचा टक्का शरीराचा असतो. न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, ठरवायचं असतं ते हे, की या इजेमुळे या माणसाची कमवायची ताकद किती गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या खटल्यात हे अगदी उलगडून सांगितलं आहे. त्यात उदाहरणच दिलंय : डावा हात कापला गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते. सरकारी कचेरीतल्या कारकुनाची नोकरी मात्र तशीच राहू शकते. हात तोच आणि दाखलाही तोच, पण नुकसान सारखं नाही.

तुमच्या मालकांचं काम डोळ्यांपुढे आणा. फरशी बसवायला उकिडवं बसावं लागतं. गिलाव्याला परांचीवर चढावं लागतं. पाटी उचलून देणारा बिगारी मिळेल, पण थापी आणि ओळंबा घेऊन दिवसभर उभं राहायचं आणि वाकायचं ते स्वतःलाच. माझ्याकडे असा पक्षकार आला की मी दाखला नंतर बघते. आधी विचारते, मांडी घालून बसता येतं का, जिना कसा उतरता, संडासला कसं बसता, किती वेळानंतर पाय भरून येतो. गवंड्याचा गुडघा वाकत नसेल तर त्याच्या कमाईचा तोटा ३० टक्के कसा म्हणायचा?

आकड्यांत सांगते. समजा मालकांची कमाई महिना १५,००० सिद्ध झाली. वय ४० च्या आत आणि स्वतःचं काम, म्हणून २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे पुढच्या काळातल्या वाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवायचे. ते झाले २१,०००, म्हणजे वर्षाला २,५२,०००. ३६ ते ४० वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. तो २००९ च्या ‘सरला वर्मा’ निकालातल्या तक्त्यातून येतो. गुणाकार ३७,८०,०००. कमाईचा तोटा ३० टक्केच धरला तर ११,३४,०००. तोच ६० टक्के सिद्ध केला तर २२,६८,०००. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी कमाईचा काही भाग वजा होतो, जखमीच्या दाव्यात होत नाही, कारण तो माणूस जगतोय आणि खातोय. ही झाली फक्त भावी कमाई. औषधपाणी, ऑपरेशन, गाडीभाडं, सकस आहार, घरी बसलेल्या महिन्यांची मजुरी, पुढे रॉड काढण्याचा खर्च, सोसलेल्या वेदना, हे सगळं वेगळं मागायचं. माझा हिशोब वाट दाखवण्यापुरता आहे. प्रत्यक्ष रक्कम पुराव्यावर ठरेल. पण पन्नास हजार आणि हे आकडे शेजारी शेजारी ठेवून सासऱ्यांना दाखवा.

पगाराची स्लिप गवंड्याकडे कुठून असणार? न्यायाधिकरणालाही ते माहीत असतं. मालकांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का पाहा. त्या नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो इथे फार उपयोगी पडतो. ठेकेदाराची हजेरीची वही, फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, बँकेचं पासबुक, हेही काढून ठेवा. ज्याच्या घराचं काम अर्धवट राहिलं तो घरमालक साक्षीला यायला तयार असेल तर फारच बरं. अजिबात पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, पण तो अंदाज सहसा आखडता असतो.

दाखला नुसता जोडून भागत नाही. ऑपरेशन केलेल्या किंवा दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते, आणि त्यांनी ‘हा माणूस परांचीवर चढू शकणार नाही, उकिडवा बसू शकणार नाही’ एवढं स्पष्ट सांगायला हवं. मालकांच्या उलटतपासणीत कंपनीचा वकील विचारेल, ‘आज तुम्ही कोर्टात चालत आलात ना?’ माणूस बावरतो आणि नुसतं ‘हो’ म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर पूर्ण द्यायचं : हो, काठी घेऊन, बायकोच्या खांद्याला धरून, मध्ये दोनदा थांबून.

तुम्ही स्वतःबद्दल पत्रात एक अक्षर लिहिलं नाही. या पाच महिन्यांत तुम्ही भांगलणीला गेला नसाल, दवाखान्यात त्यांच्या उशाशी असाल. जखमीच्या सेवेला राहिलेल्या माणसाचाही खर्च मागता येतो, मग तो माणूस पगारी असो की घरचा. तुमचा बुडालेला रोज दाव्यात लिहायला वकिलांना सांगा.

हेल्मेटचं म्हणाल, तर ते हवंच होतं, कायदाही तेच सांगतो. पण मोडली मांडी. हेल्मेट असतं तर मांडी वाचली असती असं कुणी म्हणू शकत नाही. डोक्याच्या इजेत हा मुद्दा कंपनी ओढते, तुमच्या बाबतीत त्यात दम नाही.

आणखी एका ठिकाणी जपा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली गंभीर इजेला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख अशी ठरलेली रक्कम आहे. त्यात चूक कुणाची ते सिद्ध करावं लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं, आणि चूक सिद्ध होणं अवघड असेल तिथे ते उपयोगाचंही आहे. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा पूर्ण भरपाईचा दावा संपतो. तुमच्या मालकांना मागून ठोकलंय, पंचनामा आणि एफआयआर आहे. तुमचा दावा १६६ चाच असला पाहिजे.

आणि तो या महिन्यात दाखल करा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. साताऱ्यालाच यावं लागेल असं नाही, कराडलाही दाखल करता येतो. वकील करताना ‘मिळेल त्यातले इतके टक्के माझे’ असं कुणी म्हणालं तर दुसरीकडे जा. भरपाईत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, पण हा दावा जखमीचा, म्हणजे मालकांच्या नावाचा, म्हणून त्यांना कोणती अट लागते ते तिथे विचारून घ्या.

प्रश्न : वाळवा तालुका. माझा भाऊ (वय २४) रात्री कारखान्याच्या रस्त्यावर उभ्या केलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मोटारसायकलसह आदळला. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. आम्ही पोचेपर्यंत ट्रॅक्टरवाला निघून गेला होता. नंबर नाही. ‘तोच मागून धडकला, त्याचीच चूक’ असं सगळे म्हणतात.

उत्तर : दादा, गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडे हे अपघात दर वर्षी होतात आणि दर वर्षी घरचे असंच ऐकून घेतात. मागून आदळला म्हणजे चूक त्याचीच, असा नियम नाही. अंधारात रस्त्यावर विनादिव्याचं वाहन उभं करणं हा त्या वाहनवाल्याचा निष्काळजीपणा आहे. भावाची थोडी चूक धरली गेली तर तेवढा हिस्सा कापला जाईल, सगळा दावा जात नाही. पण दिवा आणि रिफ्लेक्टर नव्हता हे पंचनाम्यात यायला हवं. आलं नसेल तर ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांचे जबाब पोलिसांकडे नोंदवून घ्या, कुणी मोबाईलवर फोटो काढला असेल तर तो जपा.

नंबरचं म्हणाल तर ऊस वाहून नेणारं वाहन असं हवेत विरत नाही. कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक वाहनाची वेळेसकट नोंद होते, आणि वाहतूकदाराचा कारखान्याशी करार असतो. त्या रात्री त्या दिशेने कोणती वाहनं काट्यावर आली, ते मागवा, असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. वाटेतल्या पेट्रोल पंपाचा कॅमेरा तपासायला सांगा, आणि लवकर, कारण चित्रीकरण पुसलं जातं. ट्रॅक्टर सापडला तर विमा शेतीकामाचा होता आणि वाहतूक भाड्याची होती, अशी हरकत कंपनी घेईल. तेवढ्याने खचू नका. अशा प्रसंगी कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होऊ शकतो.

सगळे प्रयत्न करूनही वाहन सापडलं नाही, तर पळून गेलेल्या वाहनांसाठीची सरकारी योजना आहे : गंभीर इजेला ५०,०००, मृत्यूला २ लाख. त्यासाठी कोर्टात नाही, तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. पुढे वाहन सापडून भरपाई मिळाली तर ही रक्कम त्यातून परत जाते.

प्रश्न : सांगलीहून. माझ्या सासूबाई (५८) रस्ता ओलांडताना रिक्षाची धडक बसून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. त्या घरीच असतात, कमाई नाही. मग औषधाच्या बिलांपलीकडे काही मिळत नाही, असं खरं का?

उत्तर : खरं नाही. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशांतली किंमत आहे आणि ती धरूनच भरपाई काढायची, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, २०२१ सालीही. सासूबाई पहाटे उठून काय काय करायच्या त्याची यादी तुम्ही करा. स्वयंपाक, नातवंडांची शाळा, दळण, जे असेल ते. म्हैस असेल आणि दूध डेअरीला जात असेल तर डेअरीचं पासबुक म्हणजे कमाईचाच पुरावा. त्यांच्या जागी आता कामाला बाई लावली असेल तर तिला देता त्या पैशांची नोंद ठेवा. ५६ ते ६० वयाला गुणक ९ आहे, म्हणजे रक्कम तरुण माणसाइतकी होणार नाही, पण बिलांपुरतीही राहणार नाही.

प्रश्न : तासगाव तालुका. वडिलांच्या अपघाताला आठ महिने झाले. सहा महिन्यांची मुदत गेली म्हणून एका वकिलांनी कागद परत दिले. लोकअदालतीत काही होईल का?

उत्तर : कागद दुसऱ्या वकिलांकडे आजच न्या. या सहा महिन्यांच्या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. तो अंतरिम, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतचा, आहे, म्हणून आणखी एक दिवसही घालवू नका, आणि उशीर का झाला ते दाव्यात लिहा. वडील दवाखान्यात होते त्या तारखा त्यासाठी लागतील.

लोकअदालत चांगली वाट आहे. पैसे लवकर हातात येतात. पण तिथे झालेल्या तडजोडीवर अपील नाही, म्हणून उपचार पुरे होऊन अपंगत्वाचा दाखला हातात आल्याशिवाय आकडा मान्य करू नका. दावा पूर्ण चालून निकाल कमी आला, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सांगली-साताऱ्याची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर चालतात, त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.