मास्टर सिलिंडर बदलल्यापासून क्लच पेडल मऊ लागतं, दोनदा एअर काढूनही रिव्हर्स टाकताना करकर होते. आता काय तपासू?

उत्तर :

आधी लाइनमध्ये एअर, म्हणजे हवाच, अडकली आहे का ते ठरवा. पेडल पटापट चार-पाच वेळा मारल्यावर कडक होऊन गिअर नीट पडत असेल, तर एअर. पण पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून धरल्यावर काही सेकंदांनी गाडी आपोआप सरकू पाहत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टरच्या (पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा सिलिंडर) आतलं रबर ऑइल मागे सोडतंय. पार्ट नवा असला तरी असं होतं. (समोर मोकळी जागा ठेवा, ब्रेकवर पाय तयार ठेवा.) स्लेव्हचं (त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा, गिअरबॉक्सकडचा सिलिंडर) रबरी बूटही उलटून पाहा, आत ओल दिसली तर स्लेव्ह गेला.

मास्टर बदलल्यावर हमखास राहून जाते ती पुशरॉडची, म्हणजे पेडलपासून मास्टरच्या पिस्टनपर्यंतच्या दांडीची, सेटिंग. फ्री प्ले (पिस्टन हलण्याआधीची पेडलची रिकामी चाल) जास्त राहिला की पिस्टनचा स्ट्रोक कमी पडतो, क्लच पूर्ण सुटत नाही आणि लक्षणं हुबेहूब एअरसारखी दिसतात. रिव्हर्सला बहुतेक वेळा सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, म्हणून करकर आधी तिथे. उलट, रॉड अजिबात प्ले न ठेवता ताणला तर मास्टरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही आणि क्लच घसरतो. मॅन्युअलमधला आकडा पाळा.

एअरच निघाली तर पेडल मारत बसू नका. या लाइनमध्ये एका दाबात ऑइल जेमतेम सरकतं. बुडबुडा थोडा खाली जातो, पेडल सोडलं की परत वर. त्यापेक्षा खालून ढकला. मास्टरच्या टाकीतलं ऑइल अर्ध्यावर आणा. मोठ्या सिरिंजमध्ये नवं ऑइल भरा, पारदर्शक नळीतली हवा आधी काढा, मग नळी स्लेव्हच्या निपलला (हवा काढायचा स्क्रू) लावून निपल अर्धा फेरा सैल करा आणि सावकाश दाबा. टाकीत बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की दाब ठेवूनच निपल आवळा. टाकी ओसंडू देऊ नका; सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

स्लेव्ह बाहेरचा असेल आणि निपल त्याच्या सगळ्यात वरच्या टोकाला नसेल, तर तो सोडवून निपल वर धरा आणि पिस्टन पूर्ण आत दाबून ठेवा. त्या वेळी पेडलला कुणी हात-पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडतो.

ब्रेक ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय त्याच प्रकारचं, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबरं फुगतात.