लातूरला आमच्या एरियात मोठं मार्ट यायलंय, छोटं किराणा दुकान टिकेल का?

टिकेल, पण साखर-तेलाच्या भावात त्याच्याशी भिडू नका, गिऱ्हाईक धरून ठेवा. मार्टवाले कंपनीकडून गाड्या भरून माल उचलतात, त्यांचा विक्रीचा भाव कधीकधी आपल्या खरेदीपेक्षा कमी असतो, तिथं मार्जिन घालवून काय उपयोग. मी १४ वर्षं किराणा चालवायलोय म्हणून सांगतो, कुणाच्या घरी कोणती तूरडाळ लवकर शिजते म्हणून नेतात हे ध्यानात ठेवा, व्हॉट्सॲपवर यादी घ्या, सामान संध्याकाळपर्यंत घरपोच द्या आणि डाळीत किडे निघाले तर वाद न घालता बदलून द्या, मार्टात त्यासाठी बिल शोधा अन् लाइनीत थांबा. ट्युशनच्या रूमवरल्या पोरांना पाव किलो तांदूळ, १०० ग्रॅम शेंगदाणे सुट्टे द्या, ही पोरं आपली रोजची गिऱ्हाईकं असतात. फक्त उधारी सांभाळून. ओळख वाढली की वहीपण वाढते, अन् शेतकरी गिऱ्हाईकाचा पैसा सोयाबीन विकल्यावर दिवाळीच्या आसपासच सुटतो. पावसानं दगा दिला की तेही पुढं तुरीवर जातं, म्हणून प्रत्येक खात्याला लिमिट आधीच सांगून टाका.