जामीनदारास की जामीनदारांस?

सांगली

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पतसंस्थेच्या थकबाकीच्या नोटिशीचा तुझा मसुदा वाचला. रकमा चोख आहेत, भाषाही नेटकी. पण ‘वरील कर्जाच्या जामीनदारास कळवण्यात येते’ हे वाक्य पुन्हा बघ. या कर्जाला जामीनदार दोन आहेत ना? मग ‘जामीनदारांस’. अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यायचा, एवढाच नियम आहे. पण तो राहिला, तर नोटीस जतकडच्या एखाद्या वस्तीवर पोचेल, घरातली सून ती मोठ्याने वाचेल, आणि सगळा बोजा आपल्या एकट्यावर आला म्हणून म्हातारा हबकेल. त्याची शंका फेडायला तू तिथे नसणार.

‘१५ दिवसांनी रक्कम भरावी’ हेही बदल. तुला ‘१५ दिवसांत’ म्हणायचंय. ‘दिवसांनी’ म्हणजे मुदत उलटल्यावर. त्यापेक्षा सरळ शेवटची तारीख घाल. दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजायचे की ती हातात पडल्यापासून, हा वादच उरत नाही.

‘शाखाधिकारी, वसुली अधिकारी यांच्याकडे भरणा करावा’ यात दोघांपैकी कोणीही चालेल का, ते कळत नाही. स्वल्पविरामावर एवढा भार टाकू नकोस, ‘किंवा’ लिही.

ऱ्हस्व-दीर्घाचं फार ओझं घेऊ नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. सगळे मिळून १८. जमीन पण जमिनीवर, वसूल पण वसुली, तारीख पण तारखेस, असे आपल्या कामातले शब्द घेऊन बसलास तर लवकर अंगवळणी पडतील.

हा सगळा आग्रह मात्र आपल्या कागदापुरता. एखादा कर्जदार अर्जात ‘पाऊस न्हाई, हप्ता कुठनं भरू’ असं लिहितो, त्यावर लाल पेन चालवू नकोस. त्याचं म्हणणं टिपून घेताना शब्द त्याचेच राहू देत. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला नियमांतही मुभा आहे. प्रमाण लेखन आलं की बोलीला हसणारे मला अजिबात आवडत नाहीत. तू त्यांच्यात जाऊ नकोस.

मसुदा सुधारलास की नाव आणि रक्कम झाकून तो हिशेबाशी संबंध नसलेल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घे. वाचणारा जिथे अडखळेल, तिथे वाक्य तोड आणि मग मला पाठव.

तुझा,
काका